झाडीत हरवलेला स्कीचा डोंगर कसा वाचायचा

पुण्यातल्या कितीतरी आई-बाबांचा उन्हाळा हल्ली अमेरिकेत जातो. मुलगी नाहीतर मुलगा बॉस्टनच्या आसपास नोकरीला, नातवंडं लहान, म्हणून मे महिन्यात विमानात बसायचं ते गणपतीच्या आधी परत. पहिला आठवडा झोपेत जातो, दुसरा दुकानं बघण्यात, आणि मग ज्यांचे रविवार वर्षानुवर्षं सिंहगडाच्या पायवाटेवर गेले त्यांचे पाय शिवशिवायला लागतात. बॉस्टनपासून दोन-तीन तासांवर डोंगर आहेत, जंगल दाट आहे, पायवाटांवर खुणा मारलेल्या असतात. अशा जंगलात फिरताना कधीतरी एक चमत्कारिक गोष्ट समोर येते. वस्ती नाही, विजेची तार नाही, आणि झाडांच्या गर्दीत एक गंजलेला लोखंडी खांब. वर आडवा हात, हाताच्या दोन्ही टोकांना छोट्या चाकांच्या ओळी. थोडं वर गेलं की दुसरा. मग तिसरा. सगळे एका रेषेत, सरळ माथ्याकडे निघालेले.

हा बंद पडलेला स्कीचा डोंगर. अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातल्या ज्या सहा राज्यांना मिळून न्यू इंग्लंड म्हणतात, तिथे अशा ६०० हून अधिक जागांची नोंद झालेली आहे. त्यातल्या पुष्कळशा उंचीने आपल्या पर्वतीएवढ्या, काही वेताळ टेकडीएवढ्या, थोड्या त्याहून मोठ्या. सह्याद्रीत भटकलेल्या माणसाला त्या वाचणं अवघड नाही, फक्त बघायचं काय ते माहीत पाहिजे. माझी नोकरी पिंपरीच्या एका कारखान्यात मेन्टेनन्स खात्यात झाली, त्यामुळे माझी नजर आधी लोखंडाकडे जाते. पण इथे झाडंही तेवढंच सांगतात. आणि सगळ्यात जास्त सांगतं ते तिथून काय उचलून नेलं आणि काय तिथेच टाकलं, हे. धंदा कसा बुडाला याचा पंचनामाच असतो तो.

उतरणं फुकट, चढणं महाग

पायाला लांब पट्ट्या बांधून बर्फाच्या उतारावरून घसरत खाली येणं म्हणजे स्की, एवढं आपल्याला टीव्हीमुळे ठाऊक असतं. यात उतरणं फुकट आहे, गुरुत्वाकर्षण त्याचे पैसे घेत नाही. वर कसं जायचं हा प्रश्न. सुरुवातीला लोक पट्ट्या खांद्यावर टाकून चालत चढायचे आणि दिवसभरात मोजक्या फेऱ्या व्हायच्या. जास्त फेऱ्या विकणं हाच पुढे या खेळाचा धंदा झाला. म्हणून अशा डोंगरावर जे यंत्र सापडतं ते माणूस वर चढवणारं असतं.

त्यातलं सगळ्यात साधं म्हणजे रोप टो. १९३४ च्या जानेवारीत व्हरमाँट राज्यातल्या वुडस्टॉक गावाजवळ, एका शेताच्या उतारावर, अमेरिकेतला पहिला रोप टो लागला. फोर्डच्या मॉडेल टी गाडीचं इंजिन, त्यावर फिरणारा लांब दोर, दोराचा फेरा वरच्या पुलीतून परत खाली. धावता दोर हातात धरायचा, तो ओढत वर नेतो. हातमोज्यांची वाट लागायची. पण खर्च इतका कमी की उतार आणि जुनी गाडी असलेल्या अनेकांनी लगोलग हा उद्योग केला. या पिढीचे अवशेष शोधायचे तर झाडांच्या खोडांकडे बघत चालावं. गाडीच्या चाकाची रिम खांबाला, कधी सरळ जिवंत झाडालाच ठोकून तिची पुली केलेली असते. खांब कुजून पडतात, झाड मात्र वाढत राहतं आणि रिमचा निम्मा भाग साल गिळून टाकते. माथ्यावर एखाद्या पत्र्याच्या शेडचा सांगाडा, आत टायर नसलेला ट्रक नाहीतर नुसतं इंजिन, आणि सिलिंडरमध्ये सुकी पानं.

खुर्च्यांची लिफ्ट १९३६ मध्ये आयडाहो राज्यातल्या सन व्हॅलीत पहिल्यांदा चालली. ती बांधली युनियन पॅसिफिक या रेल्वे कंपनीने, कारण हिवाळ्यात गाड्यांना प्रवासी हवे होते. कंपनीचा इंजिनिअर जेम्स करन याने आधी केळ्यांचे घड जहाजात चढवणाऱ्या यंत्रावर काम केलं होतं. हुकाला घड लटकतो तर माणूस का नाही, एवढाच त्याचा हिशेब. जळगावच्या मंडळींना हे ऐकून बरं वाटेल.

रायगडचा रोपवे पाहिला असेल तर फरक लगेच कळेल. रायगडावर पाळणे वर-खाली ये-जा करतात, एक बाजू चढते तेव्हा दुसरी उतरते. चेअरलिफ्टमध्ये पोलादी दोराचं एकच अखंड वेटोळं असतं, ते एकाच दिशेने फिरत राहतं आणि ठरावीक अंतरावर खुर्च्या त्याला घट्ट पकडून असतात. दोन्ही टोकांना भलं मोठं आडवं चाक, त्याला तिकडे बुलव्हील म्हणतात. एका चाकाला मोटर आणि गिअरबॉक्स. शिवाय कुठल्यातरी एका टोकाला काँक्रीटचा काही टनांचा ठोकळा दोराला ताण देत लटकलेला असतो, कारण थंडी-उन्हाने आणि माणसांच्या वजनाने दोर कमी-जास्त सैल होतो. मधल्या टॉवरचं काम फक्त दोर धरून ठेवायचं.

टॉवरवरच्या चाकांकडे मान वर करून नीट बघा. बहुतेक ठिकाणी दोर चाकांच्या वरून जातो. एखाद्या टॉवरवर मात्र चाकं उलटी बसवलेली असतात, म्हणजे दोर त्यांच्याखालून जातो. असा टॉवर खोलगट जागी असतो. तिथे दोर मोकळा सोडला तर ताणामुळे तो हवेत उचलला जाईल, म्हणून त्याला वरून दाबून ठेवलेला. आज झाडीमुळे डोंगराचा बाक डोळ्यांना दिसत नाही, तो या चाकांवरून कळतो. चाकांची एखादी माळ खाली पडलेली मिळाली तर बसून बघण्यासारखी असते. चाकाला रबराची धाव असते, ती भेगाळून इतकी कडक झालेली की नखाने कपचा निघतो. बेअरिंगपाशी ग्रीस निपल जागेवर, त्याच्या तोंडाशी घट्ट झालेलं काळं ग्रीस. गंज पाणी साचतं त्या बाजूने चढत येतो आणि ग्रीस होतं तेवढं वर्तुळ शाबूत राहतं. कुणीतरी कडाक्याच्या थंडीत शिडी चढून तिथे ग्रीसगन मारायचं. मेन्टेनन्सवाल्यांची नावं कुठल्या पाटीवर नसतात, एवढं सोडलं तर यंत्रावर सगळं लिहिलेलं असतं. मोटरच्या चौथऱ्यावर किंवा ओतीव भागांवर बनवणाऱ्याचं नाव मिळतं: हॉल, रिब्लेट, पोमा. रिब्लेट कंपनीने तर सुरुवात खाणीतला माल वाहणाऱ्या रोपवेंनी केली होती. माणसं नंतर आली. २००३ मध्ये तीही बंद पडली.

एकच डोंगर, दोनदा सोडलेला

चालताना आणखी एक गोष्ट पायात येते, ती म्हणजे दगडी बांध. चुना-माती न वापरता नुसते दगड रचलेले, गुडघ्याएवढे, कमरेएवढे, भर जंगलातून निघून भर जंगलात संपणारे. हे स्कीवाल्यांचे नव्हेत. १८४० च्या सुमारास एकट्या व्हरमाँटमध्ये १६ लाखांहून जास्त मेंढ्या होत्या आणि माणसं ३ लाखांच्या आत. मेरिनो लोकरीला भाव होता, म्हणून डोंगरच्या डोंगर तोडून कुरणं केली गेली. मग पश्चिमेकडून स्वस्त लोकर यायला लागली, दगडाळ जमिनीला कंटाळलेले शेतकरीही तिकडेच निघून गेले, आणि कुरणांवर झाडं परत आली. १९३० नंतर दोर लावायला मोकळा उतार हवा झाला तेव्हा जी कुरणं अजून उघडी होती ती आधी कामाला आली. म्हणजे आज आपण ज्याला ओसाड स्की डोंगर म्हणतो ती जागा त्याआधी एकदा ओसाड पडून झालेली असते.

दोन काळ वेगळे काढणं फार कठीण नाही. बांध, सफरचंदाचं एखादं म्हातारं झाड, घराच्या तळघराचा दगडी खड्डा हे मेंढ्यांच्या काळातलं. पोलाद, काँक्रीट आणि सरळ रेषा हे स्कीचं. बांध शेताच्या हद्दीने जातो, लिफ्टला हद्दीशी देणंघेणं नसतं. जिथे बांधाला रुंद खिंडार पडलंय आणि दगड दोन्ही बाजूंना ढकललेले दिसतात, तिथून लिफ्ट नाहीतर स्कीची ट्रेल, म्हणजे घसरत उतरण्यासाठी झाडं तोडून केलेली वाट, गेलेली असणार. सरळ रेषा आणि एकसारखा चढ निसर्ग सहसा काढत नाही. आपल्याकडे बोर घाटात १८६३ मध्ये सुरू झालेल्या रेल्वेमार्गावरचं खंडाळ्याजवळचं रिव्हर्सिंग स्टेशन १९२९ मध्ये सुटलं. तिथली जुनी वाट कारवीतून ज्याने शोधलीय त्याला हे वेगळं सांगायला नको.

सगळ्या ट्रेलवर लिफ्ट असतेच असंही नाही. १९३० च्या मंदीत अमेरिकन सरकारने बेकार तरुणांना जंगलात कामाला लावलं, आपल्या रोजगार हमीसारखंच. मॅसॅच्युसेट्समधल्या ग्रेलॉक डोंगरावरची थंडरबोल्ट नावाची खडी ट्रेल १९३४ मध्ये त्याच योजनेतल्या पोरांनी झाडं तोडून काढली. तिथे खांब शोधत बसू नये.

बंद का पडले

एका कारणाने कुठलाच धंदा बुडत नाही, पण पहिलं कारण रस्ते. १९३१ पासून बॉस्टनहून रविवारी खास बर्फाच्या रेल्वेगाड्या सुटायच्या आणि माणूस जवळच्या टेकडीवर खूश असायचा. १९६० च्या दशकात हमरस्ते झाले. मग तेवढ्याच वेळात उत्तरेकडचा दुप्पट-तिप्पट उंचीचा डोंगर गाठता येत असताना गावच्या टेकडीवर कोण थांबणार? १९७३-७४ मध्ये तेलाची टंचाई आली, पेट्रोलच्या रांगा लागल्या, आणि त्याच हिवाळ्यात बर्फानेही हात आखडता घेतला.

त्यानंतरचं कारण मला सगळ्यात चमत्कारिक वाटतं, कारण त्यात एक झुडूप आहे. १९७४ मध्ये व्हरमाँटच्या स्ट्रॅटन डोंगरावर एका तरुणाची स्की बर्फाखाली दडलेल्या झुडपात अडकली, तो पडला आणि कायमचा अपंग झाला. ट्रेल नवशिक्यांची होती. ज्यूरीने १९७७ मध्ये १५ लाख डॉलर भरपाई दिली, पुढच्या वर्षी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. तोवर ‘स्की करणारा आपल्या जबाबदारीवर करतो’ असं धरून चाललेला धंदा हादरला. विम्याचे हप्ते चढले. व्हरमाँटने १९७८ मध्येच कायदा करून या खेळातले अंगभूत धोके खेळणाऱ्याच्या माथी टाकले, पण हप्ता एकदा चढला की चढला. मोठ्यांनी तो तिकिटात मिळवला. लहान टेकडीच्या मालकाचा तिकीट खिडकीतला गल्लाच तेवढा नव्हता.

आणि मग बर्फ. कृत्रिम बर्फाची सुरुवात कनेक्टिकटमधली. १९४९-५० च्या हिवाळ्यात मोहॉक डोंगरावर बर्फ पडेना, तेव्हा मालकाने शेकडो टन लाद्या आणून त्यांचा चुरा उतारावर पसरला. त्याच सुमारास त्याच राज्यातल्या काही इंजिनिअरांनी दाबाची हवा आणि पाणी एकत्र फवारून बर्फ करणारी बंदूक बनवली. तत्त्व सोपं आहे: थेंब इतके बारीक करायचे की जमिनीवर पडेपर्यंत ते गोठतात. नुसती थंडी पुरत नाही, हवा कोरडीही लागते. ओलं फडकं गुंडाळलेल्या थर्मामीटरने शून्याखाली साधारण २ अंश दाखवले की बंदुका सुरू करता येतात. पण पाणी किती लागतं बघा. १ एकर उतारावर १ फूट थर टाकायला ढोबळमानाने ६ लाख लिटर. आपल्या सोसायटीत मार्चपासून येणारा टँकर १० हजार लिटरचा धरला तर एका एकराला ६० टँकर, आणि हा एक थर झाला. ऊन पडलं, पाऊस आला, की पुन्हा. त्यासाठी तळं खणायचं, पंप आणि कॉम्प्रेसर बसवायचे, डोंगरभर पाइप फिरवायचे आणि विजेचं बिल भरायचं.

१९८० च्या लेक प्लॅसिड हिवाळी ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा कृत्रिम बर्फ वापरला गेला, कारण त्या हिवाळ्यात ईशान्येत बर्फ फार कमी पडला. ज्यांच्याकडे बंदुका होत्या त्यांचा हंगाम झाला. १९८२-८३ मध्ये अख्ख्या अमेरिकेत ७३५ स्की डोंगर चालू होते. आता ५०० च्या आत आहेत.

जागेवर गेल्यावर

सगळ्यात आधी खुर्च्या जातात. अमेरिकन माणूस लिफ्टची जुनी खुर्ची विकत घेऊन घराच्या ओसरीत झोपाळा म्हणून टांगतो, त्यामुळे तिला भंगाराहून चांगला भाव येतो. मग मोटर आणि गिअरबॉक्स, कारण ते दुसऱ्या डोंगराला चालतात. मग तांबं. मग दोर, तुकडे करून. शेवटी उरतात टॉवर आणि त्यांचे चौथरे. चढावर क्रेन जात नाही, टॉवर उतरवायला हेलिकॉप्टर लागतं, आणि त्याच्या भाड्यापुढे लोखंडाची किंमत काहीच नसते.

म्हणून जागा किती रिकामी आहे यावरून निकाल लावता येतो. टॉवरसुद्धा नाहीत, नुसते काँक्रीटचे चौथरे आणि अँकर बोल्टांचे आटे शाबूत, नट नीट सोडवलेले: म्हणजे लिफ्ट चांगल्या स्थितीत होती, गिऱ्हाईक मिळालं, अख्खी उचलून दुसरीकडे उभी केली. व्हरमाँटच्या अ‍ॅस्कटनी डोंगराचं असं झालं. २०१० मध्ये तो बंद पडला, तिथली चार माणसांची वेगवान लिफ्ट न्यू हॅम्पशायरमधल्या क्रॉचेड माउंटनने नेली आणि २०१२ पासून ती तिथे चालते. पुढे अ‍ॅस्कटनीची जमीन गावाने घेतली आणि स्वयंसेवकांनी पायथ्याशी पुन्हा छोटा दोर लावला, म्हणजे गाडी फिरून १९३४ वर आली. बोल्ट गॅसकटरने कापलेले असतील तर भंगारवाला येऊन गेला, बँकेचं कर्ज डोक्यावर होतं असं खुशाल धरा.

पण खुर्च्या अजून लटकतायत, दोर ताणलेला आहे, पंपघराला कुलूप आहे, तर मालकाला पुढच्या हिवाळ्यात उघडायची आशा होती. मला हे डोंगर सगळ्यात केविलवाणे वाटतात. ‘यंदा राहू दे, पुढच्या वर्षी बघू’ म्हणत एक हिवाळा जातो, दुसरा जातो, लिफ्टची तपासणी चुकते, आणि मग ती तपासणीत बसेल इतका पैसा ओतणं कुणालाच परवडत नाही.

इमारतींकडून फार अपेक्षा ठेवू नये. छपरावर साचलेला बर्फ कुणी काढला नाही की वासे मोडतात, किंवा कुणीतरी टवाळखोर आग लावतो. दगडी धुराडी उभी राहते. ती सहसा पायथ्याशी, पार्किंगजवळ सापडते. न्यू हॅम्पशायरच्या किंग रिजवर मात्र, जो १९९५ मध्ये बंद झाला, मुख्य इमारत माथ्यावर होती. लोक गाडीने वर यायचे, आधी उतरायचे आणि मग लिफ्टने परत यायचे. त्याच राज्यात माउंट व्हिटियरची गोंडोला, म्हणजे बंद डब्यांची लिफ्ट, चक्क हमरस्त्यावरून जायची, तिचे टॉवर गाडीतूनही दिसतात. म्हणजे गुडघे दुखणाऱ्यांचीही सोय आहे.

होकायंत्र असेल तर उताराची दिशा बघा. चांगला स्की उतार उत्तरेला किंवा ईशान्येला तोंड करून असतो, कारण तिथे ऊन कमी लागून बर्फ टिकतो. दक्षिणेकडे तोंड असलेला कमी उंचीचा उतार दिसला तर त्याच्या मृत्यूचं कारण शोधायला फार लांब जायला नको.

झाडांचं वय, वाटेचं वय

ट्रेल सोडून दिली की आधी गवत, नेचे आणि रानरासबेरीच्या काटेरी जाळ्या येतात. आपल्या करवंदीच्या जाळीतून वाट काढलेल्याला त्यांची सवय लवकर होते. मग ज्यांना भरपूर ऊन लागतं अशी झाडं: पिन चेरी, बर्च, अ‍ॅस्पेन. पिन चेरीचं बी जमिनीत कित्येक दशकं पडून राहतं, वरची सावली गेली की उगवतं, आणि झाड तीसेक वर्षांत मरतं. त्यामुळे ट्रेलवर पिन चेरीची मेलेली खोडं आडवी पडलेली दिसली तर ती जागा किमान एका पिढीपूर्वी सोडलेली. त्यांच्या सावलीत मेपल, बीच, हेमलॉक हळूहळू वर येतात.

एक सोपी खूण: आजूबाजूला वेगवेगळ्या वयाची झाडं आणि मध्येच एक लांब पट्टा सारख्याच जाडीच्या खोडांचा. एकाच वेळी सुरू झालेलं जंगल असं दिसतं. वेताळ टेकडीवर गिरिपुष्पाच्या लागवडीतून चाललं की जशी एका मापाची खोडं लागतात, तसंच. फरक एवढा की इथे कुणी लावलेली नसतात.

वय मोजायचं असेल तर पांढरा पाइन शोधावा. तो दरवर्षी वर सरकताना फांद्यांचा एकच फेरा टाकतो: एका पातळीत चार-पाच फांद्या, मग हात-दीड हात मोकळं खोड, मग पुढचा फेरा. खालच्या फांद्या वाळून गळतात, पण गाठींचं कडं राहतं. बुंध्यापासून वर मोजत जायचं आणि तळाचे पुसून गेलेले दोन-चार वाढवून धरायचे. एका जुन्या पार्किंगच्या खडीत उगवलेला पाइन मी नातीला मोजायला दिला. ती बोट लावून मोजत होती, मग हात पुरेना म्हणून माझ्या खांद्यावर. तिसाच्या पुढे गेल्यावर तिने “आजोबा, पुरे ना” म्हणून सोडून दिलं. १९९० च्या अलीकडे तिथे गाड्या लागत नव्हत्या, एवढं त्यातून कळलंच.

काही ट्रेल मात्र दशकं उलटली तरी भरत नाहीत. कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा पर्वतातल्या अभ्यासात याचं कारण दिसलं: नुसती झाडं तोडून केलेला उतार लवकर सावरतो, पण बुलडोझर फिरवून सपाट केलेल्या उताराची वरची माती आणि तिच्यातलं बी दोन्ही गेलेलं असतं. त्यामुळे जिथे पन्नास वर्षांनंतरही खुरटं गवत आणि उघडे दगड आहेत, तिथे मालकाकडे बुलडोझर होता. उतारावर तिरके चर आडवे आले तर तेही स्कीवाल्यांचंच काम. पावसाचं आणि वितळणाऱ्या बर्फाचं पाणी ट्रेल खणत नेऊ नये म्हणून ते बाजूला काढून दिलेलं असतं. माणसाच्या सगळ्या खुणांत हे चर सगळ्यात चिवट. आत पानं साठलेली असतात, म्हणून पाय टाकण्याआधी काठीने चाचपावं.

सोफ्यावर बसून शोध

अर्धं काम घरी होतं. अमेरिकेच्या सर्वेक्षण खात्याचे जुने नकाशे फुकट उघडता येतात. जुन्या आवृत्तीत ‘स्की लिफ्ट’ अशी रेघ असते आणि नव्या आवृत्तीत ती गायब होते. दोन आवृत्त्यांची सालं पाहिली की काळ सापडला. दुसरं साधन लिडार. विमानातून लेझरचे झोत सोडतात, काही पानांवरून परततात, काही फटीतून जमिनीपर्यंत पोचून परततात. फक्त जमिनीवरून परतलेले ठेवले की संगणक झाडं काढून टाकलेला डोंगर दाखवतो, आणि त्यावर ट्रेल, चर, चौथऱ्यांसाठी केलेल्या सपाट जागा स्पष्ट उमटतात. ज्यांना यातलं काहीच जमत नाही त्यांनी ऑक्टोबरमध्ये समोरच्या डोंगरावरून बघावं. मेपल लाल होतात, बर्च पिवळे, आणि जुनी ट्रेल लाल डोंगरावरून उतरणारा पिवळा पट्टा होऊन दिसते. पण तोवर आपले आई-बाबा दिवाळीच्या फराळासाठी पुण्यात परतलेले असतात.

हे सगळं उचलायचं कुणी, हा प्रश्न जगभर आहे. फ्रान्सने २०१६ च्या पर्वत कायद्यात लिफ्ट कायमची बंद झाल्यावर ३ वर्षांत उतरवण्याची अट घातली. बोलिव्हियातल्या चाकाल्ताया इथे, ५ हजार मीटरहून उंचावर, एके काळी जगातला सगळ्यात उंच स्की उतार होता. २००९ पर्यंत तिथली हिमनदीच संपली आणि लिफ्ट दगडांवर राहिली. कुआरी पासच्या ट्रेकला जाणाऱ्या पुणेकरांना उत्तराखंडातलं औली हे स्कीचं ठिकाण माहीत असतं, तिथलं कृत्रिम बर्फासाठी बांधलेलं तळं फोटोंत असतंच. जोशीमठहून औलीला जाणारा जवळपास ४ किलोमीटरचा रोपवे जानेवारी २०२३ मध्ये, जोशीमठची जमीन खचायला लागल्यावर, थांबवावा लागला.

जपायचं काय

ताणलेल्या दोराखाली उभं राहू नका आणि त्याला हात लावू नका. तो किती टनांनी ओढलेला आहे हे बघून कळत नाही, आणि तुटला तर आवाज ऐकू यायच्या आत येऊन आदळतो. दोराला ताण देणारा काँक्रीटचा ठोकळा खड्ड्यावर लटकलेला असेल तर त्या खड्ड्यात डोकावायचंही नाही. टॉवरच्या शिडीवर चढणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. पंपघरांत उघड्या विहिरी असतात. जुन्या ट्रान्सफॉर्मरमधलं तेल विषारी असू शकतं. जमीन बहुधा खासगी असते. ‘नो ट्रेसपासिंग’ची पाटी दिसली की परत फिरायचं, आणि मेन राज्यात झाडावर जांभळ्या रंगाचा पट्टा मारलेला असेल तर त्याचाही अर्थ तोच. नोव्हेंबरमध्ये हरणाच्या शिकारीचा हंगाम असतो, तेव्हा भडक नारिंगी जाकीट घातल्याशिवाय जंगलात पाऊल टाकू नये.

तीन-तीन पानांच्या वेलीला शिवू नका. तिला पॉयझन आयव्ही म्हणतात, ती बिब्ब्याच्याच कुळातली, आणि ज्याच्या अंगावर कधी बिब्बा उतलाय त्याला पुढचं वर्णन नको असेल. मधल्या पानाचा देठ इतर दोघांपेक्षा लांब असतो, आणि खोडावर चढलेल्या जुन्या वेलीला केसाळ मुळं असतात.

खरी भीती मात्र गोचिडाची. आपल्याकडे गोचीड म्हणजे म्हशीच्या कानामागचा टपोरा दाणा. तिथलं पिल्लू खसखशीएवढं असतं आणि मे ते जुलै, म्हणजे नेमके आपण तिथे असताना, ते सगळ्यात जास्त चावतं. त्यातून लाइम नावाचा आजार होतो. हे नाव कनेक्टिकटमधल्या गावाचं आहे. जुनी ट्रेल, गुडघाभर गवत आणि झाडीची कड ही त्याची आवडती जागा. फिकट रंगाची पूर्ण पँट, तिचे पाय मोज्यांत खोचलेले, असं ध्यान करूनच जावं. घरी आल्यावर अंघोळ करताना गुडघ्यामागे, काखेत, कमरेच्या पट्ट्याखाली, केसांत बघायचं. चिकटलेलं दिसलं तर तेल-रॉकेल न लावता बारीक चिमट्याने कातडीलगत पकडून सरळ वर ओढायचं. साधारणपणे दिवसभराहून जास्त वेळ चिकटून राहिल्यावरच आजार पसरतो, त्यामुळे त्याच संध्याकाळी बघितलं तर धोका फार कमी. पुढच्या महिनाभरात ताप आला किंवा कातडीवर पसरत जाणारा लाल गोल उठला तर डॉक्टरांना सांगायचं, आणि पुण्यात परतल्यावर आला तर अमेरिकेच्या जंगलात फिरलो होतो हे आवर्जून सांगायचं. इथल्या डॉक्टरांच्या मनात आधी डेंग्यू येणार.